पाण्याला दोष, वेणीला पीळ

पुण्यात कुणाचे केस गळायला लागले की घरातल्या घरात चौकशी समिती बसते आणि पहिल्याच बैठकीत आरोपी ठरतो: पाणी. वाकड-हिंजवडीकडे टँकरचं पाणी, वाघोलीत बोअरचं पाणी, आणि सदाशिव पेठेत यांतलं काहीच लागू पडत नसेल तर ‘पाइपलाइन जुनी झालीय’. खडकवासल्याच्या पाण्यावर वाढलेला माणूस स्वतःच्या नळाला नावं ठेवत नाही. नावं ठेवायची ती नदीपलीकडच्या नळाला. नोकरीसाठी नागपूर-लातूरहून आलेल्या मुलीला तर रूममेट पहिल्याच आठवड्यात धीर देते, “पुण्याचं पाणी आहे बाई, सगळ्यांचेच गळतात.”

या पाण्याची बाजूही कुणीतरी मांडायला हवी. क्षार जास्त असलेलं पाणी, शाळेच्या पुस्तकात ज्याला ‘दुष्फेन’ असं भारदस्त नाव होतं, त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसांवर बसतं. साबणाला फेस येत नाही, केस राठ होतात, कंगवा अडतो. एवढा गुन्हा त्याच्या नावावर जरूर नोंदवावा. पण कपाळावरची केसांची रेघ दर वर्षी थोडी मागे सरकते, कानशिलांपाशी कातडी दिसायला लागते, ते काम पाण्याचं नव्हे. नळाचं पाणी सगळ्या डोक्यावर सारखंच पडतं. जिथं फक्त कडेकडेचे केस जातात, तिथं बहुतेकदा कुणीतरी ओढत असतं. आणि ओढणारं माणूस घरातलंच असतं.

मराठी घरातल्या केशरचनेचं ध्येय एकच: एकही केस उडता कामा नये. केस नुसते विंचरायचे नसतात, चापूनचोपून बसवायचे असतात. कपाळावर आलेली बट सिनेमात शोभते. घरात तिला ‘झिपऱ्या’ म्हणतात. सकाळी पावणेसातला, खाली शाळेची रिक्षा हॉर्न वाजवत असताना, शहरभर एकच संवाद चालू असतो.

“हलू नकोस गं.”

“आई, दुखतंय!”

“दुखल्याशिवाय वेणी बसत नाही. मान खाली.”

मग तीन पेडांच्या दोन वेण्या, त्या वर दुमडून कानांमागे रिबिनीची फुलं. पहिल्या तासाला त्या मुलीच्या भुवया मूळ जागेपेक्षा अर्धा बोट वर असतात आणि बाईंना वाटतं, मुलगी किती लक्ष देऊन ऐकतेय.

आईला दोष देण्यात अर्थ नाही. ढिली वेणी घालून मुलगी शाळेत गेली तर दुपारपर्यंत ती सुटते, आणि सुटलेल्या वेणीवरून परीक्षा होते ती आईची. “घरी कुणी विंचरून देत नाही वाटतं?” हा प्रश्न आजवर कुठल्याही बापाला विचारला गेलेला नाही.

आता थोडा हिशेब. माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. एक केस महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर वाढतो, अशी दोन ते सहा वर्षं नोकरी करतो, तीनेक महिने रजेवर जातो आणि गळतो. रोज ५० ते १०० केस गळणं ही नियत वयोमानानुसार निवृत्ती झाली. त्यावरून घरात सुतक पाळायचं कारण नाही. गळलेल्या केसाच्या मुळाकडच्या टोकाला बारीक पांढरा दाणा असतो. तो दिसला तर केस आपल्या पायांनी गेला असं समजावं. दाणा नसेल आणि केस मधलाच आखूड तुकडा असेल, तर तो तुटला. बाथरूमच्या जाळीवरचे केस पाहून किंचाळण्याआधी एवढा पंचनामा करून घेतला तर तेलाच्या दोन बाटल्या वाचतात.

धडधाकट, वाळलेला एक केस ५० ते १०० ग्रॅम वजन सहज पेलतो. म्हणजे हिशेबानं अख्ख्या डोक्यानं पाच-दहा टन उचलायला हवेत. ‘शेंडी तुटो की पारंबी तुटो’ म्हणणाऱ्यानं बहुधा हाच गुणाकार केला होता. पण अडचण केसाची नसते, मुळाची असते. केस म्हणजे निर्जीव केराटिन. त्याला काही वाटत नाही. मूळ मात्र जिवंत असतं. त्याला रोज बारा-बारा तास एकाच दिशेनं ओढत राहिलं की आधी ते सुजतं, कडेनं बारीक पुटकुळ्या येतात, मग वाढीच्या ऐन उमेदीतला केसही ते वेळेआधी सोडून देतं. वर्षानुवर्षं हेच चाललं तर मुळाच्या जागी व्रण तयार होतो आणि तिथं पुन्हा केस उगवत नाही. डॉक्टर याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. सुरुवातीलाच ओढ थांबवली तर काही महिन्यांत केस परत येतात. म्हणजे टक्कल पडण्याच्या प्रकारांतला हा एक असा, ज्याचा पहिला इलाज फुकट आहे. त्याची जाहिरात होत नाही ती बहुधा त्यामुळेच.

या विकाराची पहिली नोंद पुण्याची नाही, हे पुणेकरांना पटणं कठीण आहे. ती १९०७ सालची, ग्रीनलंडची. तिथल्या बायका केस वर ओढून घट्ट बांधत, आणि त्यांच्या कपाळाजवळचे केस विरळ झालेले ट्रेबित्श नावाच्या ऑस्ट्रियन अभ्यासकाच्या नजरेत आले. बर्फाच्या देशात, जिथं कुणाला दिसायला जायचं तर स्लेज जोडावी लागते, तिथंही बायका केस चापूनचोपून बसवत होत्या, याचं पुण्यातल्या आज्यांना कौतुकच वाटेल. पुढं दक्षिण आफ्रिकेत नोन्हलान्हला खुमालो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृष्णवर्णीय मुली आणि बायका तपासल्या, तर मुलींमध्ये सुमारे १७ टक्के आणि प्रौढ बायकांमध्ये सुमारे ३२ टक्के जणींना हा त्रास निघाला. तिथल्या केसांची जात वेगळी, वेण्यांची पद्धत वेगळी, त्यामुळे हे आकडे उचलून कोथरूडला लावता येणार नाहीत. पण त्याच अभ्यासातली एक गोष्ट कोथरूडला लागू पडेल: रसायनानं सरळ केलेले केस घट्ट बांधले तर धोका आणखी वाढतो. पाच-सात हजार मोजून स्मूदनिंग करून घ्यायचं आणि दुसऱ्या आठवड्यापासून त्याच केसांची कचकचून पोनी बांधायची, हा उद्योग करणाऱ्यांना पार्लरच्या बिलावर ही सूचना छापून मिळत नाही.

पुरुषांनी इथं गालातल्या गालात हसू नये. भारतातल्या वैद्यकीय नोंदींत हा त्रास घट्ट जुडा बांधणाऱ्या शीख मुलांमध्ये आणि पुरुषांमध्ये दिसलेला आहे. फर्ग्युसन रस्त्यावर डोक्याच्या शेंड्याशी लिंबाएवढी गाठ मारून फिरणाऱ्या तरुणांनी त्या वाचायला हरकत नाही. त्यांचे पूर्वज शेंडीची गाठ मारत असत, पण उरलेल्या डोक्यावर ओढायला केसच शिल्लक ठेवत नसत. त्या काळी केशरचनेतही जोखमीचं नियोजन होतं.

संध्याकाळी घरी येऊन अंबाडा सोडला की बायका म्हणतात, “केस दुखतायत.” घरातला एखादा शहाणा लगेच सुधारतो, की केसांना मज्जातंतू नसतात, केस दुखत नाहीत. त्याला चहा मिळायला उशीर होतो, आणि ते योग्यच आहे. केसाला मज्जातंतू नसतात, पण मुळाभोवती त्यांचं जाळं असतं. दिवसभर एका बाजूला वाकलेलं मूळ सरळ होताना ओरडतं, ते ओरडणं म्हणजे ‘केस दुखणं’. लंडनचे मेंदूविकारतज्ज्ञ जे. एन. ब्लाऊ यांनी २००४ मध्ये ९३ बायकांना विचारलं, की पोनीटेल बांधल्यावर डोकं दुखतं का. ५० जणी हो म्हणाल्या. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात केस ओढल्यानं होणाऱ्या दुखण्याला स्वतंत्र क्रमांक आहे. त्याच्या शेजारीच हेल्मेटसारख्या घट्ट वस्तूच्या दाबानं होणाऱ्या डोकेदुखीला क्रमांक आहे. ही माहिती पुण्यात फार पसरू नये.

इथवरचा गुन्हा कोरड्या केसांवरचा. पुण्याची खासियत पुढं आहे: ओले केस बांधणं.

पूर्वी न्हाणं हा अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम होता. शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा उकळून ठेवायचं, बंबात पाणी तापवायचं, आणि न्हाऊन झालं की गच्चीत किंवा मागच्या अंगणात पाठ उन्हाला देऊन बसायचं. बाळंतिणीच्या केसांना तर शेगडीवरची धुरी मिळायची. त्यात वारांची भानगड. कुणाकडे सोमवार चालत नाही, कुणाकडे बुधवार, कुणाकडे शनिवार, अमावास्या कुणाकडेच नाही. सगळ्या घरांचे नियम एकत्र केले तर न्हायला वारच उरत नाही. या नियमांत धर्म किती ते धर्मशास्त्र जाणणाऱ्यांनी पाहावं, पण रोज न धुतलेल्या केसांना त्यात विश्रांती मिळत होती हे खरं. मात्र जुनं ते सगळं सोनं नव्हे. कमरेत वाकून, केस पुढं टाकून, पिळलेल्या पंच्याचे सटासट फटके मारत केस झटकण्याची जी पद्धत घरोघरी होती, ती केसांच्या दृष्टीनं सरळसरळ पोलिसी खाक्या होती.

कारण ओल्या केसात प्रतिकार उरलेला नसतो. केसाला आकार देणारे हायड्रोजनचे बंध पाण्यात सुटतात. केस स्वतःच्या वजनाच्या तीसेक टक्के पाणी पिऊन फुगतो आणि त्याच्या पृष्ठभागावरचे खवले उचलले जातात. ओला केस म्हणजे जुन्या पायजम्याचं इलॅस्टिक: ओढलं की वाटेल तेवढं लांबतं, पण एकदा हद्द ओलांडली की मूळपदावर येत नाही. अशा अवस्थेत बारीक दातांचा कंगवा टाळूपासून टोकापर्यंत एका दमात ओढला की ‘कट्‌ कट्‌’ असा जो आवाज येतो, तो गुंता सुटल्याचा नसतो. सरळ केस जवळजवळ वाळल्यावर, मोठ्या दातांच्या कंगव्यानं, टोकाकडून वर जात विंचरावेत. कुरळ्यांचा मामला उलटा आहे. त्यांचा गुंता ओला असतानाच आणि कंडिशनर लावूनच निघतो. त्यामुळे सरळ केसांच्या जावेनं कुरळ्या केसांच्या जावेला सल्ला देऊ नये. इतरही बाबतींत देऊ नये, पण तो वेगळा विषय आहे.

आणि इथं सिमला ऑफिसची साक्ष काढावी लागते. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं. पुढं मुख्यालय दिल्लीला गेलं, पण शिवाजीनगरची ती दगडी वास्तू आणि चौक यांना पुणेकर आजही सिमला ऑफिसच म्हणतात. एकदा दिलेलं नाव परत घेण्याची या शहरात पद्धत नाही. हवेतला दमटपणा मोजायला वेधशाळांतून जी उपकरणं पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली, त्यांतल्या एका उपकरणाचा मुख्य भाग म्हणजे माणसाचा केस. जिनिव्हाच्या सोस्यूर या शास्त्रज्ञानं १७८३ मध्ये दाखवून दिलं, की हवा दमट झाली की ताणून बसवलेला केस लांबतो आणि कोरडी झाली की आखडतो. अगदी कोरड्या हवेपासून पूर्ण दमट हवेपर्यंत हा फरक सुमारे दोन-अडीच टक्के भरतो. केसाच्या टोकाला काटा जोडायचा, काटा कागदावर रेघ ओढतो. पावसाचा अंदाज चुकला म्हणून मुळा-मुठेच्या खोऱ्यात ज्या खात्यावर विनोद होतात, त्या खात्यानं केसावर विश्वास टाकला होता आणि केसानं तो मोडला नव्हता.

आता हेच सूत्र हिंजवडीला निघालेल्या मुलीला लावून पाहावं. सकाळी साडेसातला न्हाणं, पावणेआठला निथळत्या केसांचा घट्ट अंबाडा, त्यावर यू-पिना. हातभर लांबीचा केस ओला असताना साधारण सेंटीमीटरभर लांबलेला असतो, आणि तशाच लांबलेल्या अवस्थेत तो पिनांनी जखडला जातो. मग ऑफिसच्या एसीत कडेचे केस वाळायला लागतात, आखडायला लागतात, आणि गाठ जागची हलत नाही. सेंटीमीटरभर म्हणजे फार नव्हे. पण ज्या अंबाड्यानं आधीच डोळ्यांचे कोपरे वर खेचलेत, तो अकरा वाजेपर्यंत कुणीही हात न लावता आणखी आवळला जातो. साडेअकराच्या मीटिंगमध्ये तिचं डोकं दुखतं आणि खापर मॅनेजरवर फुटतं. मॅनेजरही निर्दोष नसतो, पण या एका बाबतीत त्याला संशयाचा फायदा द्यावा.

अंबाड्याच्या पोटातले केस मात्र वाळतच नाहीत. जुलै-ऑगस्टच्या पुण्यात जिथं मोजे दोन दिवस दोरीवर ओले राहतात, तिथं मुठीएवढ्या अंबाड्याची काय कथा! संध्याकाळी सोडला की तो कुबट वास येतो, जो लपवायला गजरा लागतो. ओले केस बांधून वर काहीतरी गुंडाळून ठेवणाऱ्यांत व्हाइट पिएड्रा नावाचा एक बुरशीचा संसर्ग आढळतो. ट्रायकोस्पोरॉन जातीची बुरशी केसांवर मऊ, पांढुरक्या गाठी बांधते आणि केस तिथून मोडायला लागतात. बरेचदा आई त्यांना लिखा समजते, बारीक फणी काढते आणि मुलीचा छळ सुरू होतो. बिचाऱ्या उवांवर त्यांनी न केलेल्या गुन्ह्याचाही आळ येतो.

मग ड्रायर वापरावा? वापरावा, पण बेतानं. चिंब केसांवर अगदी गरम झोत किंवा तापलेला चिमटा धरला तर केसाच्या आतल्या पाण्याची वाफ होते आणि केसात बुडबुडे तयार होतात. सूक्ष्मदर्शकाखाली असा केस पोकळ पोकळ दिसतो आणि हात लावताच मोडतो. मऊ कापडानं टिपायचं, चोळायचं नाही, आणि वेळ द्यायचा, हा खरा इलाज. पण वेळ ही गोष्ट कात्रजपासून हिंजवडीपर्यंत जाणाऱ्या माणसाकडे मागणं म्हणजे क्रूरपणा आहे.

कारण पुण्याचे केस घरी वाळत नाहीत, दुचाकीवर वाळतात. हे शहर आधी सायकलींचं होतं, मग १९७२ मध्ये लुना आली, पुढं कायनेटिक होंडा आली आणि पुण्यातल्या बायकांनी पेट्रोल पंपाचा रस्ता पाहिला तो कायमचा. पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली बाई म्हणून इरावती कर्वे यांचं नाव सांगितलं जातं. त्यांच्यानंतर रस्त्यावर आलेल्या पिढ्यांनी एक नवीन पोशाख शोधून काढला: डोळे सोडून सगळं डोकं स्कार्फमध्ये गुंडाळणं. बाहेरगावच्या पाहुण्याला वाटतं, शहरात काहीतरी साथ आली असावी. धूळ, ऊन, धूर आणि ओळखीचे काका या चारही गोष्टींपासून स्कार्फ उत्तम संरक्षण देतो. पण खाली ओले केस, त्यावर घट्ट सिंथेटिक कापड आणि वर सिंहगड रोडची कोंडी, असं तासभर चाललं की बुरशीला आणखी काही मागायची गरज पडत नाही. स्कार्फ डोक्यावरून मागे सरकू नये म्हणून जो जोरात खेचला जातो, त्यानं कपाळाच्या कडेचे केस घासून तुटतात ते वेगळंच.

आणि हेल्मेट. १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी पुण्यात हेल्मेटसक्तीची जोरदार मोहीम उघडली, तेव्हा शहर पेटून उठलं. हेल्मेटविरोधी कृती समिती मैदानात उतरली. मान दुखते, ऐकू येत नाही, बाजूचं दिसत नाही, शहरात गाडी पळतेच कुठं, अशा सगळ्या युक्तिवादांमध्ये कट्ट्याकट्ट्यावर आणखी एक हमखास ऐकू यायचा: हेल्मेटनं केस जातात. तो सर्वांत हिरिरीनं मांडणारे बहुतेक गृहस्थ असे होते, की ज्यांच्याकडे आता जाण्यासारखं काही उरलं नव्हतं. पुरुषांचं नेहमीचं टक्कल आनुवंशिकता आणि हार्मोन्स ठरवतात. ते वडिलांकडून किंवा आईच्या माहेरून येतं, हेल्मेटच्या दुकानातून येत नाही. ओल्या केसांवर हेल्मेट चढवलं, आतलं अस्तर सहा-सहा महिने धुतलं नाही, तर कोंडा वाढेल, केस घासून तुटतील, हे खरं. त्यावर उपाय म्हणजे केस वाळवणं आणि आत सुती रुमाल बांधणं. पण सुती रुमालासाठी मोर्चा काढता येत नाही.

वर्षभराची ही सगळी तपश्चर्या फळाला येते गणेशोत्सवात. दोन महिने आधीपासून नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात. ऑफिस सुटल्यावर मुली येतात, घामानं आणि रिमझिमीनं भिजलेले केस करकचून आवळतात आणि कमरेला ढोल बांधतात. विसर्जनाच्या दिवशी तर वर फेटा. फेटा सैल बांधला तर ‘गजर’ नावाच्या पहिल्याच ठेक्याला तो नाकावर येतो, म्हणून बांधणारा गुडघा टेकवून बांधतो. मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारनंतरही चालू असते. आत ओला अंबाडा, वर घट्ट फेटा, भोवती पाऊस आणि कानात शंभर ढोल. हे वर्षातून एकदाच होतं आणि त्याचा आनंद कुठल्याही डॉक्टरच्या चिठ्ठीनं कमी होऊ नये. मूळ एका दिवसानं मरत नाही. प्रश्न उरलेल्या ३६४ दिवसांचा असतो.

वजनाचाही एक मुद्दा आहे. केस कमी म्हणून अंबाडा छोटा, अंबाडा छोटा म्हणून त्यात गंगावन, गंगावनाचं वजन पेलायला पिना जास्त, पिनांनी ओढ जास्त, ओढीनं केस आणखी कमी, म्हणून पुढच्या लग्नाला गंगावन मोठं. बालगंधर्वांनी रंगभूमीवर जो केसांचा थाट केला, त्याची नक्कल त्या काळातल्या बायका हौसेनं करत असत, हे प्रसिद्धच आहे. फरक एवढाच, की नारायणराव राजहंस नाटक संपलं की टोप काढून ठेवत. नक्कल करणाऱ्यांना तो तसाच डोक्यावर घेऊन स्वयंपाकाला लागावं लागे.

तुटलेल्या केसांनाही आपल्याकडे मोल होतं, हे मात्र सांगायला हवं. कंगव्यातलं गुंतवळ फेकायचं नाही, बोटाभोवती गुंडाळून, थू थू करून भिंतीच्या फटीत खोचून ठेवायचं. मग दुपारी गल्लीत आरोळी यायची, “केसांवर फुगेऽऽ”, आणि आईच्या वर्षभराच्या केसगळतीचे दोन फुगे पोरांना मिळायचे. कुणाला सुया, दाभण मिळायचं, कुणाला भांडं. आज त्याच गुंतवळाचा फोटो काढून मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकतात आणि बदल्यात फक्त कांद्याच्या रसाचे सल्ले मिळतात.

सगळ्या गळतीचं बिल वेणीच्या नावावर फाडू नये, हेही खरं. डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण किंवा मोठा ताण यांनंतर दोन-तीन महिन्यांनी डोकंभर केस गळतात आणि बहुतेकदा आपोआप थांबतात. सप्टेंबरात डेंग्यू झालेला माणूस डिसेंबरात नवीन शांपूला शिव्या देतो. थायरॉइड, लोहाची कमतरता यांचा तपास रक्तातच करावा लागतो. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत बसणाऱ्या स्पर्धा परीक्षावाल्यांच्या केसांबद्दल बोलायचं तर आयोगाच्या वेळापत्रकापुढं वेणी अगदीच निरुपद्रवी आहे. कडेचे केस जातायत की सगळीकडचे, पांढरा दाणा आहे की नाही, दुखतं की नाही, एवढं पाहून त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलं तर त्यांचाही वेळ वाचतो.

तेलाच्या बाबतीत मात्र आजी जिंकली. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली, तर केसातलं प्रथिन वाहून जाणं लक्षणीयरीत्या कमी केलं ते एकट्या खोबरेलानं. त्याचे रेणू केसाच्या आत शिरतात, त्यामुळे केस पाण्यानं कमी फुगतो. हे संशोधन मुंबईच्या मॅरिको कंपनीतलं, जी खोबरेल तेल विकते. चिकित्सक पुणेकरांच्या भुवया इथं वेणी न घालताही वर जातील. पण पुढंही हा गुण मान्य झालेला आहे. न्हाण्याआधी तेल लावणं बरोबरच होतं. चूक पुढच्या पायरीवर होती. तेल चोपडल्यावर आजी म्हणायची, “आता अशी घट्ट घालते, की उद्या संध्याकाळपर्यंत बघायला नको.”

काय वापरावं हे सांगणं सोपं आहे. साटिनची स्क्रंची किंवा मोठा क्लचर, मानेपाशी सैल बांधणी, अधूनमधून भांगाची जागा बदलणं, रात्री सैल वेणी किंवा काहीच नाही. दुधाच्या पिशवीचं आणि कोथिंबिरीच्या जुडीचं रबर कोथिंबिरीलाच राहू द्यावं. या सगळ्या वस्तू तुळशीबागेत मिळतात. अवघड आहे ते विकत घेणं. तिथल्या स्टॉलवर माल दाखवायची पद्धत एकच: विक्रेता रबर दोन्ही हातांत धरून छातीपर्यंत ताणतो आणि सोडतो. ‘टण्ण’ असा आवाज येतो.

“बघा ताई, कितीही ओढा. सैल पडलं तर पैसे परत.”

“दादा, सैलच हवंय. डॉक्टरांनी सांगितलंय.”

तो तिच्याकडे बघतो, मग तिच्या केसांकडे, आणि खालच्या खोक्यातून धूळ झटकत एक पाकीट काढतो. “हे घ्या. तीसला दोन. घट्टवाले वीसला सहा आहेत.”

मागून आवाज येतो, “वीसवाले दे रे. आणि जरा जाड बघून दे, हिचे केस कुठं ठरतायत!”

“अगं आई—”

“तू गप गं. तीसला दोन म्हणजे लूट आहे.”